भीमथडीची कोंबडी : लघुकाय कुक्कुटजातींची मान्यता आणि नावाचा प्रश्न

भीमा आणि नीरा ह्या दोन नद्यांच्या आश्रयाने वसलेला पुणे जिल्ह्याचा आग्नेय प्रदेश आज मुख्यतः बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांत विभागलेला आहे. इंदापूर तालुक्यातील नीरा-नरसिंहपूर येथे ह्या नद्यांचा संगम होतो. एकोणिसाव्या शतकातील महसुली विभागणीत बारामतीचा प्रदेश ज्या तालुक्यात मोडत असे त्याचे नाव 'भीमथडी' असे होते. थडी म्हणजे नदीचा काठ. तालुक्याचे हे नाव पुढे मागे पडले; परंतु ह्या काठावरच्या काटक घोड्याला जडलेले तेच नाव मात्र टिकले. २०२३-२४ ह्या वर्षात कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 'भीमथडी' ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदविली. त्याच वेळच्या नोंदींत गुजरातेतील 'अरवली' ह्या कोंबडीच्या जातीचाही समावेश होता.

ज्या अंगणांच्या बाहेर हा घोडा बांधलेला असे त्याच अंगणांत कोंबड्याही वावरत आल्या आहेत. त्या अंगाने हलक्या, पायाने चपळ, रंगाने नाना तऱ्हेच्या आणि स्वतः अंडी उबविणाऱ्या आहेत. त्यांना लोकभाषेत एकच नाव आहे, ते म्हणजे 'गावठी'. घोड्याला नाव होते, म्हणून त्याच्यासाठी मान्यतेची मागणी करता आली. कोंबडीला नाव नाही. तिच्यासंबंधी मागणी करावयाची झाल्यास ती कोणत्या शब्दांत करावयाची, हा पहिलाच प्रश्न उभा राहतो. जगातील लघुकाय कुक्कुटजातींना, म्हणजे ज्यांना 'बॅन्टम' म्हणतात त्यांना, प्रदर्शनांच्या मानकांत स्थान कसे मिळाले ह्याचा इतिहास पाहिला असता ह्या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

१. नावे आणि त्यांचा प्रवास

'बॅन्टम' हा शब्द मुळात एका बंदराचे नाव आहे. जावा बेटाच्या पश्चिम टोकाला असलेले बान्तेन हे मिरीच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने तेथे आपली वखार सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी घातली व १६८२ पर्यंत ती चालविली. सुरतेची वखार त्यानंतर सुमारे दशकभराने स्थापन झाली. लांबच्या प्रवासाला निघणारी जहाजे अशा बंदरांतून जिवंत कोंबड्या घेत. त्यांतील लहान चणीच्या कोंबड्या युरोपात पोहोचल्या, आणि त्यांच्याबरोबर बंदराचे नावही पोहोचले. इंग्रजीत अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा शब्द लहान कोंबडी ह्या अर्थाने रूढ झालेला दिसतो. पुढे मुष्टियुद्धातील एका वजनगटालाही त्याने नाव दिले.

कुक्कुटजातींच्या नामावळीत असे प्रवास वारंवार आढळतात. 'ब्रह्मा' ही अवजड कोंबडी ब्रह्मपुत्रेच्या नावाने ओळखली जाते; परंतु ती अमेरिकेत घडली, आणि तिच्या घडणीतील मोठा वाटा चीनमधून आणलेल्या पक्ष्यांचा होता. 'कोचीन' ही जातही चिनीच असून तिच्या नावाचा केरळातील कोचीनशी संबंध नाही. तो दक्षिण व्हिएतनामच्या 'कोचीन-चायना' ह्या जुन्या नावाशी आहे. 'नानकिन' ह्या बॅन्टमला नानजिंग शहराच्या पिवळसर सुती कापडावरून नाव मिळाले. ह्यावरून असे दिसते की, जातीचे नाव हा तिच्या उगमाचा पुरावा नसतो. ते नाव देणाऱ्याच्या दृष्टीचा पुरावा असते. व्यापाऱ्याला बंदर दिसले, कापड ओळखणाऱ्याला रंग दिसला, आणि विक्रेत्याला पूर्वेकडील भारदस्त नदी उपयोगी वाटली.

'बॅन्टम' ह्या शब्दात आणखी एक गृहीत दडलेले आहे. लहान म्हणावयाचे तर कशाच्या तुलनेत, ते आधी ठरावे लागते. येथे तुलना युरोपातील मोठ्या कोंबडीशी आहे. वस्तुतः पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडा हा सुमारे एक किलोग्रॅमच्या आसपास वजनाचा पक्षी आहे. म्हणजे लहान चण ही कोंबडीची मूळ अवस्था असून चार-पाच किलोग्रॅमचा पक्षी हे माणसाच्या निवडीचे फळ आहे. पाश्चात्त्य मानकांनी मोठ्या पक्ष्याला नियम मानले व लहानाला अपवाद ठरविले. भीमथडीच्या अंगणात मात्र हलकी कोंबडी ही फक्त 'कोंबडी' असते. तिच्यासाठी वेगळा शब्द लागत नाही.

२. झुंजीकडून प्रदर्शनाकडे

इंग्लंडमध्ये कुक्कुटप्रदर्शनांचा उदय कोंबड्यांच्या झुंजीच्या अस्ताशी निगडित आहे. १८३५ च्या कायद्याने झुंजींवर बंदी आली. पक्षी निवडण्याची, जोपासण्याची आणि त्यांचा अभिमान बाळगण्याची जी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती तिला दुसरी वाट हवी होती. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या उद्यानात मोठे कुक्कुटप्रदर्शन भरले. प्रदर्शन भरले की परीक्षक आले, परीक्षकांबरोबर वाद आले, आणि वादांतून लिखित मानकाची गरज निर्माण झाली. १८६५ मध्ये टेगेटमायर ह्यांच्या संपादनाखाली इंग्लंडमधील पहिले मानक प्रसिद्ध झाले. अमेरिकेत १८७३ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली व १८७४ मध्ये तिचे मानक निघाले. केवळ लघुकाय पक्ष्यांसाठी अमेरिकेत १९१४ मध्ये स्वतंत्र संघटना उभी राहिली.

ह्या इतिहासात सेब्राइट बॅन्टमचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. सर जॉन सेब्राइट (१७६७-१८४६) ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, लिखित मानके निघण्याच्या कितीतरी आधी, ही जात घडविली. तिच्या प्रत्येक पिसाला काळी किनार असते आणि नराची पिसे मादीसारखी असतात. नराचे मानक वजन सहाशे ग्रॅमच्या किंचित वर आहे. सेब्राइट ह्यांनी पक्षी घडवून ठेवले एवढेच नव्हे, तर त्या एकाच जातीसाठी मंडळ स्थापिले, पिसाची किनार कशी असावी हे ठरविले आणि दरवर्षी सभासदांचे पक्षी त्या कसोटीला लावले. परिणामी, १८७४ च्या अमेरिकन मानकात ह्या जातीला पहिल्यापासून स्थान मिळाले. नानकिनचे भाग्य ह्याच्या उलट ठरले. ती सेब्राइटहून जुनी आहे, आणि सेब्राइटच्या घडणीत तिचाही अंश असल्याचे मानले जाते. परंतु नव्या, अधिक शोभिवंत बॅन्टम पुढे आल्यावर ती मागे पडली व दुर्मिळ झाली. केवळ प्राचीनतेच्या बळावर मान्यता टिकत नाही. तिच्यासाठी कोणीतरी बोलत राहावे लागते.

आज अमेरिकन मानकात नव्या जातीला प्रवेश हवा असेल तर नियम निश्चित आहेत. निदान पाच पालकांनी ती जात निदान पाच वर्षे सांभाळलेली असली पाहिजे; तिचे लेखी वर्णन सादर झाले पाहिजे; संतती बहुतांशी आईबापांसारखी निपजते हे दाखविले पाहिजे; आणि शेवटी एका पात्रता-प्रदर्शनात निदान पन्नास पक्षी परीक्षकांपुढे आणले पाहिजेत. थोडक्यात नाव, वर्णन, सातत्य आणि संख्या ह्या चार गोष्टी लागतात. त्यांपैकी पहिल्या दोन भाषेच्या आहेत, आणि नंतरच्या दोन अंगणातल्या.

३. भारतीय परंपरा : असील, रेजा आणि बुसरा

भारतात पक्षी पारखण्याची परंपरा नव्हती असे म्हणता येणार नाही. असील हा झुंजीचा कोंबडा तिचा साक्षीदार आहे. हे नाव अरबी 'असील', म्हणजे कुलीन, खानदानी ह्या शब्दावरून आलेले आहे. मराठीतील 'अस्सल' हा त्याचाच सगोत्र. असीलच्या रंगांना पाळणाऱ्यांनी पिला, याकूब, नूरी, कागर, चित्ता, जावा, सबजा, टीकर अशी नावे दिलेली आहेत, आणि ती कुक्कुटशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही दिली जातात.

ह्याच यादीत येणारे 'रेजा' हे नाव भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. भारतीय पाठ्यपुस्तके 'रेजा' म्हणजे फिकट तांबड्या रंगाचा असील असा अर्थ देतात. इंग्लंडमधील जुन्या शौकिनांच्या लेखनात मात्र 'रेजा' म्हणजे लहान चणीचा असील. फारसीत 'रेजा' ह्या शब्दाचा अर्थ कण, बारीक तुकडा असा आहे. त्यामुळे आकारवाचक अर्थ व्युत्पत्तीला अधिक जवळचा ठरतो. एकच शब्द एका परंपरेत आकार सांगतो व दुसरीत रंग. भारतात रंगांच्या नावांची यादी तयार झाली तेव्हा एक आकारवाचक नाव त्या यादीत बसविले गेले असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. परिणाम असा की, लहान असीलसाठी भारतात जो शब्द उपलब्ध होता त्याचा अर्थच बदलला, आणि लहान असील हा वेगळा प्रकार म्हणून भारतीय वर्गीकरणात शब्दावाचून राहिला. अमेरिकन मानकात असीलचा प्रवेश १९८१ मध्ये झाला. म्हणजे ह्या भारतीय पक्ष्याची मानकबद्ध वर्णने परदेशात सिद्ध झाली.

भारतात १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे हा गुन्हा ठरविला. इंग्लंडमध्ये झुंजींच्या बंदीनंतर दहा वर्षांनी प्रदर्शन आले आणि तीस वर्षांनी मानक आले. भारतात बंदी आली, ती योग्यही होती. परंतु तिच्यामागून गावोगावच्या पक्षिपारख्यांना सामावून घेणारी मानकपरंपरा उभी राहिली नाही. पारख चोरून चालणाऱ्या झुंजींपुरती उरली, किंवा नाहीशी झाली. मानक आले ते वेगळ्या मार्गाने, म्हणजे शासकीय नोंदणीच्या रूपाने. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००७ मध्ये पशुपक्ष्यांच्या जातींच्या नोंदणीची पद्धत सुरू केली, आणि ते काम कर्नालच्या ब्यूरोकडे आले.

ह्या नोंदणीत महाराष्ट्राशी संबंध असलेली कोंबडीची जात म्हणजे 'बुसरा'. नंदुरबार व धुळे जिल्ह्यांच्या पश्चिम भागात आणि लगतच्या गुजरातेत ती आढळते. प्रौढ नराचे वजन सुमारे ०.८५ ते १.२५ किलोग्रॅम, वर्षाची अंडी सुमारे ४० ते ५५, आणि अंड्याचे वजन २८ ते ३८ ग्रॅम असे तिचे वर्णन दिले जाते. केवळ वजनाने पाहिल्यास अनेक बॅन्टम जातींपासून ती फार दूर नाही. परंतु तिला कोणी बॅन्टम म्हणत नाही, आणि म्हणण्याचे कारणही नाही. तिची नोंद तिच्या प्रदेशावरून, तिला पाळणाऱ्या समाजावरून आणि तिच्या गुणांवरून झालेली आहे. प्रदर्शनाचे मानक आदर्श पक्षी कसा असावा ते सांगते. नोंदणीचे वर्णन प्रत्यक्ष पक्षी कसा आहे ते सांगते. दोन्ही मान्यताच आहेत. पण पहिलीत पक्षी वर्णनाच्या मागे धावतो, दुसरीत वर्णन पक्ष्याच्या मागे जाते.

४. बारामती-इंदापूर : अवर्णित पक्षी

ह्या पार्श्वभूमीवर पुन्हा भीमथडीकडे वळावे लागेल. मूळचा हा पर्जन्यछायेतील दुष्काळी मुलूख. १८८५ पासून नीरेचा डावा कालवा सुरू झाला, उसाची लागवड वाढत गेली, आणि १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. शेतीचे रूप पालटले तरी अंगणातली कोंबडी घरातल्या बाईच्या हातखर्चाचे साधन म्हणून राहिली. तिला वेगळा खुराक नसे. सांडलेले दाणे, किडे आणि उकिरडा ह्यांवर ती जगे.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात कोंबडी सुधारण्याचा अर्थ विदेशी रक्त आणणे असा झाला. व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड ह्या जातींचे नर खेड्यांतून वाटण्यात आले. सामूहिक विकास योजनांच्या दिवसांत गावठी कोंबडा घेऊन त्याच्या बदल्यात सुधारित कोंबडा देण्याच्या योजना देशाच्या अनेक भागांत राबविल्या गेल्या. पुढे वनराजा, गिरिराज ह्यांसारखे परसातील पालनासाठी तयार केलेले संकरित पक्षी आले. त्यांपाठोपाठ व्यापारी ब्रॉयलर-पालन आले आणि बारामती व इंदापूर हे तालुके त्याची मोठी केंद्रे बनले. अंडी व मांस ह्यांच्या दृष्टीने ह्या सर्व उपायांचा लाभ नाकारता येत नाही. अनेक अल्पभूधारक कुटुंबांना त्यांनी आधार दिलेला आहे. तथापि जी कोंबडी सुधारावयाची ती मुळात कशी होती, ह्याची तपशीलवार नोंद करण्याचे कारण त्या वेळी कोणाला वाटले नाही.

सरकारी भाषेत अशा पक्ष्यांसाठी जी इंग्रजी संज्ञा रूढ आहे तिचा शब्दशः अर्थ 'अवर्णित' असा होतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील एकूण कुक्कुटसंख्या ८५ कोटी १८ लक्ष भरली. त्यांपैकी परसातील पक्षी ३१ कोटी ७० लक्ष होते, आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत ती संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. संख्या वाढली ह्याचा अर्थ जुना पक्षी वाढला असा होत नाही, कारण परसात आता संकरित पक्षीही आहेत. 'अवर्णित' हा पक्ष्याचा गुण नसून तो वर्णन न करणाऱ्याचा आहे; पण कागदावर तो पक्ष्याच्या नावे जमा होतो.

'गावठी' ह्या मराठी शब्दाचे चरित्रही असेच वळणाचे आहे. गावचा तो गावठी. पण विशेषण म्हणून त्यात कमीपणा आला. गावठी वागणे, गावठी दारू ह्या प्रयोगांत तो दिसतो. गेल्या काही दशकांत मात्र ब्रॉयलरच्या तुलनेत 'गावठी कोंबडी' आणि 'गावठी अंडी' ह्यांना अधिक भाव मिळू लागला, आणि तोच शब्द गौरवाचा झाला. गौरवाबरोबर त्याची व्याप्तीही सैल झाली. तपकिरी कवचाचे कोणतेही अंडे आणि रंगीत पिसांचा कोणताही संकरित पक्षी बाजारात गावठी म्हणून खपतो. शब्दाची किंमत वाढत असता त्याचा मूळ वाच्यार्थ विरळ होत जातो, अशी ही स्थिती आहे.

लोकभाषेत वर्णन नाही असे मात्र नाही. अंड्यावर न आलेली 'तलंग', उबवणीला बसलेली 'खुडूक' हे शब्द घरोघरी आहेत. उलट्या पिसांची, उघड्या मानेची, बुटक्या पायांची असे भेद लोक सहज करतात. उताऱ्याला काळी कोंबडी लागते, देवाला अमुक रंगाचा कोंबडा लागतो. त्यामुळे रंगाचीही पारख असते. परंतु हे वर्गीकरण पक्ष्याच्या अवस्थेचे, रूपाचे आणि उपयोगाचे आहे. ते कुळाचे नाही. गाईबैलांत खिलार, डांगी, देवणी, शेळ्यांत उस्मानाबादी, संगमनेरी अशी कुळवाचक नावे रूढ झाली, कारण ती जनावरे बाजारातून विकली जात, आणि दूरच्या गिऱ्हाइकाला नाव सांगावे लागे. कोंबडी शेजारी किंवा आठवड्याच्या बाजारात विकली जाई. तेथे तिला हातात धरून दाखविले की नावाची गरज उरत नसे.

५. कसोटी

ह्यावरून भीमथडीची गावठी कोंबडी ही एक स्वतंत्र लघुकाय जात आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लहान अंग ही एकटी खूण पुरेशी नाही. कोंबडी खुराकाच्या अभावाने लहान राहिली असेल तर ते दारिद्र्याचे लक्षण होय, जातीचे नव्हे. तिची पिले चांगल्या खुराकावर वाढवून तीही लहानच राहतात काय, हे पाहावे लागते. बुटके पाय हीही फसवी खूण आहे. जपानी बॅन्टममध्ये हे लक्षण एका जनुकामुळे येते. आई व बाप ह्या दोघांकडूनही तो जनुक मिळालेले पिलू अंड्यातच मरते, आणि अशा जोडीच्या संततीत लांब पायांचे पक्षीही निपजतात. एका जनुकाचा चमत्कार म्हणजे जात नव्हे. शिवाय सत्तर वर्षांच्या संकरानंतर जुन्या पक्ष्याचे सातत्य कोणत्या वाड्यावस्त्यांवर टिकले आहे, हे शोधल्यावाचून संख्या मोजता येणार नाही.

भीमथडी घोड्याची नोंद ह्या बाबतीत मार्गदर्शक आहे. दख्खनी घोडा लुप्त झाला अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. मेंढपाळ धनगरांच्या वाड्यांबरोबर ओझी वाहत तो हिंडत होता, पण त्याच्याकडे जात म्हणून कोणी पाहत नव्हते. बारामती परिसरातील पालकांची संघटना पुढे आली, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी मोजमापे घेतली, जनुकीय चिन्हकांवरून इतर भारतीय जातींशी तुलना केली, आणि मग जुने नाव अधिकृत झाले. नाव आधीपासून लोकांच्या ओठांवर होते, हा ह्या प्रकरणातील मोठा लाभ होता. विदर्भातील 'पूर्णाथडी' म्हशीच्या बाबतीतही नदीकाठच्या नावाचाच आधार मिळाला.

कोंबडीला हा लाभ नाही. म्हणून तिच्या बाबतीत काम उलट्या क्रमाने करावे लागेल. प्रथम शब्द गोळा केले पाहिजेत: पालक स्त्रिया रंग, तुरा, पिसे, चाल आणि उबवण्याची सवय ह्यांसाठी कोणते शब्द वापरतात, आणि कोणती कोंबडी 'जुन्या वळणाची' असे त्या म्हणतात. नंतर त्या शब्दांनी दाखविलेले पक्षी तोलले व मोजले पाहिजेत, आणि त्यांची संतती पाहिली पाहिजे. ह्या शोधातून वेगळी जात सिद्ध झाली तर 'थडी'चे नाव तिच्यासाठीही मोकळे आहे. सिद्ध झाली नाही, तर निदान ती 'अवर्णित' उरणार नाही. बान्तेनच्या बंदराचे नाव ज्या पक्ष्यांना मिळाले त्यांच्या रांगेत तिला बसविण्याची आवश्यकता नाही. शब्द गोळा करण्याचे काम मात्र लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही. कारण ते शब्द ज्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहेत त्यांची पिढी, आणि ते ज्यांना लागू पडतात ती कोंबडी, ही दोन्ही एकाच वेगाने कमी होत आहेत.